आधी आंघोळ की आधी अझान?

काही महिन्यांपूर्वी रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी होता. "सर, मुलगी झाली." मी मुबारकबाद दिली. पण त्याचा आवाज खुशीचा कमी आणि गोंधळाचा जास्त वाटत होता. "सर, एक मसला आहे. दादी म्हणते, 'बच्ची को नहलाए बगर अझान कैसा देते?' आणि सिस्टर म्हणते, उद्यापर्यंत अंगाला पाणी लावू देणार नाही. दोघी ऐकत नाहीत. मी काय करू?"

मी म्हटलं, "अझान आत्ता दे, आंघोळ उद्या घाला. पुसून स्वच्छ कपड्यात गुंडाळलेली आहे ना? मग झालं."

फोन ठेवला, पण झोप गेली. मी आलिम नाही, डॉक्टरही नाही. बीएड करून उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्या मराठवाड्यात, बहुतेक घरांत, बाळ जन्मलं की दाईनं न्हाऊ घालायचं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळायचं आणि मग घरातल्या कुणा बुजुर्गानं उजव्या कानात अझान, डाव्या कानात इकामत द्यायची, असा क्रम ठरलेला. क्रम इतका जुना की तो दीनचाच भाग वाटू लागला. पैगंबर (स.) यांनी आपल्या नातवाच्या, हजरत हसन यांच्या कानात अझान दिल्याची रिवायत आहे. त्याआधी आंघोळ झालीच पाहिजे अशी अट मात्र माझ्या वाचनात कुठेही आलेली नाही. दादीचा आग्रह पाकीचा होता, आणि तो समजण्यासारखा आहे. रक्तानं, चिकट पांढऱ्या थरानं माखलेल्या बाळाच्या कानात अल्लाहचं नाव कसं घ्यायचं, असं तिला वाटत होतं.

तो पांढरा थरच या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत त्याला 'उल्ब' म्हटलंय आणि तो सैंधव मीठ व तूप लावून काढायला सांगितलाय. मग बलातेलाचा अभ्यंग, आणि मग आंघोळीचं पाणी. पाण्याचे पर्याय वाचण्यासारखे आहेत. वडा-पिंपळासारख्या चिकाच्या झाडांचा काढा, नाहीतर सुगंधी द्रव्यांचं पाणी, नाहीतर सोनं किंवा रुपं तापवून ज्यात बुडवलंय असं पाणी, नाहीतर कवठाच्या पानांचा कोमट काढा. ऋतू बघा, प्रकृती बघा आणि घरची ऐपत बघा, असंही तिथं सांगितलंय. हा शेवटचा भाग मला फार माणसातला वाटतो. ज्याच्या घरी सोनं नाही त्याच्या अंगणात कवठ असेल, एवढं भान त्या लिहिणाऱ्याला होतं.

मीठ फक्त इथंच नाही. बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकात टाकून दिलेल्या मुलीचं वर्णन आहे, तिला ना कुणी धुतलं, ना मीठ चोळलं, ना बाळोत्यात गुंडाळलं. म्हणजे मीठ चोळणं हे मायेचं लक्षण होतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा सोरेनस, मूळचा इफिससचा, स्त्रियांच्या आणि बाळंतपणाच्या आजारांवर लिहिताना तेच सांगतो, बारीक मीठ भुरभुरा आणि कोमट पाण्यानं धुऊन टाका. मग इब्न सीना (९८०–१०३७) आपल्या 'अल-कानून फी अत-तिब्ब' मध्ये तेच मीठ घेतो, त्यात मेथी, सुमाक अशा चार वस्तू मिसळतो आणि नाकातोंडाला लागू देऊ नका म्हणून बजावतो. कल्पना अशी, की पोटातल्या उबेतून बाहेर आलेलं कातडं नाजूक असतं, मिठानं ते कणखर होईल. सुश्रुतसंहिता, रोमचा वैद्य आणि बुखाऱ्याचा हकीम, तिघांच्या बाळाच्या आंघोळीत मीठच आहे. आमच्याकडे 'हे त्यांचं, हे आपलं' असं वाटून घेण्याची फार हौस आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या सोरेनसचं पुस्तक मला आणखी एका कारणासाठी आवडतं. त्याच्या काळात काही जमाती बाळाला जन्मताच थंडगार पाण्यात बुडवत. जगलं तर दणकट, मेलं तर पोसायच्या लायकीचं नव्हतं. स्पार्टाच्या बायका पाण्याऐवजी दारूनं आंघोळ घालून बाळाची परीक्षा घेत, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. सोरेनस या दोन्ही गोष्टींना विरोध करतो. तो म्हणतो, थंडीनं एखादं मूल मेलं म्हणून ते जगण्यालायक नव्हतं असं ठरत नाही. आणि पुढे तो घरोघरच्या बायकांनाही सोडत नाही. बऱ्याच बायका दिवसरात्रीत तीन-तीन वेळा बाळाला आंघोळ घालतात, थकेपर्यंत पाणी ओततात, आणि नंतर ते गपगार झोपलं की खूश होतात. ही झोप थकव्याची आहे, हे त्यानं स्पष्ट लिहिलंय.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. "न्हालं की कसं गाढ झोपलं बघा!" हे वाक्य मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी ऐकलंय. काही बाळं खरोखर सुखानं झोपतात. पण काही रडून रडून दमलेली असतात. अठराशे वर्षांपूर्वी एका वैद्याला हा फरक दिसला होता.

इब्न सीनाचा सूर वेगळा आहे. त्यानं बाळाच्या सुखाचा विचार केलाय, आणि तोही बारीकसारीक तपशिलात. आंघोळ कधी? बाळाची लांब झोप झाल्यावर. उन्हाळ्यात पाणी बेताचं कोमट, हिवाळ्यात उबेकडे झुकणारं. हव्या तर दिवसातून दोन-तीन आंघोळी (इथं सोरेनसशी त्याचं पटत नाही). धरायचं कसं, तर उजव्या हातावर घ्यायचं आणि डावा हात छातीशी ठेवायचा, पोटावर दाब येऊ द्यायचा नाही. नाक साफ करणाऱ्या बोटाची नखं कापलेली हवीत. नंतर मऊ कपड्यानं हलकेच टिपायचं, आधी पालथं, मग उताणं. आणि संगोपनाच्या याच भागात तो सांगतो की तान्ह्याच्या प्रकृतीला दोन गोष्टी लागतात, हळुवार झुलवणं आणि गाणं. झुलवण्यातून शरीराची व्यायामाकडे ओढ तयार होते, गाण्यातून मनाची सुरांकडे.

ज्यांना 'आपल्यात गाणं कशाला' असं म्हणायची सवय आहे त्यांनी हे पान जरूर वाचावं. 'कानून' चा उर्दू तर्जुमा आहे आणि तो वाचायला हकीम असावं लागत नाही. हा एकटाच नव्हता, त्याच्याआधी दहाव्या शतकात कैरवानच्या इब्न अल-जज्जारनं केवळ मुलांच्या संगोपनावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. 'कानून' बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपच्या विद्यापीठांत पुढे कित्येक शतकं शिकवलं गेलं. तरी युरोपात थंड पाण्याचं वेड पुन्हा आलंच. रूसोनं १७६२ च्या 'एमिल' मध्ये आंघोळीचं पाणी हळूहळू थंड करत न्यावं, शेवटी बर्फासारखं झालं तरी चालेल, असं लिहिलं. या गृहस्थानं स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली होती. न्हाऊ घालायचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नसावा.

खरं तर बहुतेक लिहिणाऱ्यांवर तो आला नसेल. पुस्तकं पुरुषांनी लिहिली, पाणी बायकांनी ओतलं. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम पाहायला जळगावकडची पुष्कळ मंडळी जातात. त्याच शहरात १६३१ मध्ये मुमताज महल आपल्या चौदाव्या बाळंतपणात वारली. ती मुलगी, गौहर आरा, जगली. हमामचं छत, नक्षी, पाण्याच्या वाटा यांबद्दल आपण विचारतो. आई गेलेल्या त्या मुलीला पहिलं पाणी कुणी घातलं, त्या दाईचं नाव मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आमच्या दाईचंही नाव कुठल्या कागदावर नाही. गल्लीतल्या हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत तीच जायची. न्हाणीत दगडावर किंवा पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब करायची आणि त्या दोन नडग्यांच्या खोबणीत बाळाला ठेवायची. आधी तेल, मग डाळीचं पीठ, दूध, हळद. शेजारी तांब्याचं घंगाळ, त्यात बंबातलं कढत पाणी आणि विसण. पाणी किती गरम हे तिचा हातच सांगायचा. पालथं पाडून पाठीवर धार, उताणं करून छातीवर धार, डोकं आणि नाक दाबून 'आकार' देणं, टाळू भरणं. मग ओव्याची धुरी, कुंची, काजळाची तीट. मराठी घरात पाचवी-सटवाई, आमच्याकडे छट्टी आणि चाळिसाव्या दिवसाचा चिल्ला. तुर्कस्तानातही चाळिसाव्या दिवशी आई-बाळाला हमामात नेण्याचा रिवाज होता. आमच्या नानीला तुर्कस्तान ठाऊक नव्हतं, पण चाळिसाव्याचं पाणी ठाऊक होतं.

त्या पायांवरच्या आंघोळीचं कौतुक मी मनापासून करतो. मऊ, उबदार, माणसाच्या अंगाची ती बैठक होती, तशी कुठल्याही प्लॅस्टिकच्या टबाला येणार नाही. बाळ निसटत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. पण त्याच हातांनी केलेल्या काही गोष्टी सोडायलाच हव्यात. नाक ओढणं. कानात, नाकात तेल सोडणं. तान्ह्याची छाती पिळून 'दूध काढणं', ज्यानं गळू होतं. बंद खोलीत धुरी, म्हणजे नुकत्याच श्वास घ्यायला लागलेल्या फुप्फुसात धूर. आणि रडण्याकडे 'रडू द्या, छाती मोकळी होते' म्हणून केलेलं दुर्लक्ष.

या सगळ्यात आई कुठे असायची? आतल्या खोलीत, बाजेवर, खाली शेगडी. हिंदू घरात तिला सोयर. आमच्यात तसं अस्पृश्यपण शरीयतनं सांगितलेलं नाही, पण रिवाज शेजारून येतात आणि घरात राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवींनी 'बिहिश्ती जेवर' मध्ये बाळंतपणाच्या रिवाजांवर बरंच कठोर लिहिलं. रक्त थांबलं की आंघोळ करून नमाज सुरू करायची, चाळीस दिवस मोजत बसायचं कारण नाही, हा त्यातला एक मुद्दा. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, पण रिवाज आणि दीन वेगळे करून दाखवायची ती सवय कामाची होती. माझ्या विद्यार्थ्याच्या दादीला त्या रात्री तीच हवी होती. पण मुद्दा असा, की पहिले चाळीस दिवस बाळाच्या आंघोळीत आईचा हात जवळजवळ नसायचा. ती रडणं ऐकायची. आंघोळीचं सुख हे आई-बापाचं सुख असू शकतं, हा विचारच त्या व्यवस्थेत बसत नव्हता.

इंग्रजी अमलात दाईला 'सुधारायचे' प्रयत्न सुरू झाले. १९०३ मध्ये लेडी कर्झननं दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा केला. १९०९ मध्ये दिल्लीत हकीम अजमल खान यांनी स्त्रियांसाठी तिब्बी मदरसा काढला, त्यात दायांनाही शिकवलं जाई. इंग्रज डॉक्टरणींच्या लिखाणात दाई म्हणजे घाण आणि अडाणीपण. नाळ कापायच्या हत्याराबाबत त्यांचं म्हणणं खरं होतं, धनुर्वातानं बाळं मरत. पण तिच्या पायांची ती बैठक, पाण्याचा अंदाज आलेला तो हात, याकडे कुणी शिकण्यासारखी गोष्ट म्हणून पाहिलं नाही.

पाहिलं ते फ्रान्सच्या एका डॉक्टरनं, पुष्कळ नंतर. फ्रेडरिक लबॉये यानं १९७४ मध्ये जन्माच्या वेळी बाळाला होणाऱ्या त्रासावर पुस्तक लिहिलं. लखलखते दिवे, उलटं लटकवून मारलेली चापट, हे सगळं बंद करा आणि बाळाला कोमट पाण्यात हळूच सोडा, पोटातल्या पाण्याची ओळख त्याला आहे, असं त्याचं म्हणणं. त्या पुस्तकातल्या छायाचित्रांतली बाळं पाण्यात डोळे उघडून बघतात. पुढे १९७६ मध्ये त्याचं 'शांतला' आलं. कोलकात्याच्या गरीब वस्तीत पाय लांब करून आपल्या बाळाला तेल लावणाऱ्या एका आईचं हे नाव. युरोपातल्या आया त्या पुस्तकावरून मालिश शिकल्या. आपल्याकडच्या शहरी जोडप्यांना आता तीच मालिश वर्गात जाऊन, फी भरून शिकावी लागते, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

लबॉयेची सगळीच मतं टिकली नाहीत. जन्मताच आंघोळ हे आता कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये सांगितलं, पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी. रिवाजामुळे शक्यच नसेल तर निदान सहा तास थांबा. कारण साधं आहे. ओलं अंग पटकन गार होतं, आणि तान्ह्याला, त्यातही कमी वजनाच्या बाळाला, स्वतःची उब राखता येत नाही. आणि ज्याला आपण सारे मीठ-तूप-बेसन लावून काढत आलो तो उल्बाचा थर त्वचेला मऊ ठेवतो आणि जंतूंना अडवतो. सुश्रुतापासून आमच्या दाईपर्यंत सगळ्यांना तो मळ वाटला होता.

हे आपल्या मातीत सिद्ध करून दाखवलं ते गडचिरोलीनं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच बाई आरोग्यदूत. बाळ कोरडं करणं, उबदार गुंडाळणं, लगेच पाजणं, वजन करणं, जंतुदोषावर वेळीच औषध. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये छापून आलं. आज आपल्या दारात येणारी आशाताई बाळाला टोपरं घातलंय का बघते, लगेच न्हाऊ घालू नका म्हणते, ते याच वाटेनं आलेलं आहे. तिच्याशी वाद घालणाऱ्या सासवांना मी एवढंच सांगतो, ही बाई दाईची वारस आहे.

आता राहिला बाप. या दोन हजार वर्षांत तो कुठेच दिसला नाही. माझा मुलगा झाला तेव्हा आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होतो. चाळीस दिवस सरले, सासूबाई गावी परतल्या, बायकोची कंबर दुखायची. मी पाटावर बसून पाय लांब केले. शेजारच्या खाला दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्टर, ये काम मर्दां का नै." मी म्हटलं, "खाला, पाय तर मलाही दोन आहेत."

त्या दिवसांत जे कळलं ते सांगतो, नव्या आई-बापांच्या उपयोगी पडेल. बादली, मग, पंचा, कपडे आधी हाताशी, मगच बाळ. मध्येच काही आणायला उठायचं नाही, वीतभर पाणीही धोक्याचं असतं. आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. तळहात फसवतो, कोपर नाही. आंघोळीचं पाणी आपल्या अंगाच्या उबेएवढं, सदतीस अंशांच्या आसपास. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. नुकतंच पाजलेलं नको आणि भुकेलंही नको. पाच-सात मिनिटं पुरे. पाण्याची पहिली धार पायांवर, डोक्यावर शेवटी. त्याचे हात आपोआप फाकतात, दचकतं, तेव्हा एक ओला पंचा छातीवर टाकला की लगेच शांत होतं. गळ्याच्या, जांघेच्या घड्या कोरड्या करायच्या. आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे असं नाही, एखादा दिवस कोमट पाण्यानं नुसतं पुसलं तरी चालतं.

रडायला लागलं तर थांबायचं. साबण राहिला तर राहू दे, उद्या लावता येतो.

गाण्याचं मात्र माझं जमेना. बायकोला तिच्या अम्मीकडून आलेल्या लोऱ्या येतात, माझा आवाज वर्गात ओरडून गेलेला. मग मी पाढे म्हणायला लागलो, मराठी, चालीत. बे एके बे पासून सुरुवात करायची, पाठ चोळून होईपर्यंत पाच-सहापर्यंत यायचं. सातच्या पाढ्याला तो हमखास पाणी उडवायचा.